घटक ४ : हरित वास्तू – संकल्पना, परिभाषा आणि छत्रपती संभाजीनगरचा अनुभव

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –

• 'हरित वास्तू' आणि 'शाश्वत रचना' या संकल्पनांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.
• मराठवाड्यातील पारंपरिक घरबांधणीची शब्दसंपदा आणि तिच्यामागचे व्यावहारिक ज्ञान यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• बांधकाम क्षेत्रातील नवी मराठी परिभाषा कशी घडली आणि ती कोठे संदिग्ध ठरते, हे उदाहरणांसह दाखवता येईल.
• घरांच्या जाहिराती व माहितीपत्रके यांतील 'हरित' दाव्यांचे भाषिक परीक्षण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शेती आणि आरोग्य या दोन क्षेत्रांतील व्यावहारिक मराठीचा विचार केला. प्रस्तुत घटकात आपण घराकडे वळत आहोत. घर बांधणे किंवा विकत घेणे हा बहुतेकांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च असतो. असे असूनही त्या व्यवहारातील कागदपत्रांची भाषा आपण बहुधा वाचत नाही. केवळ सह्या करतो. तुमच्यापैकी काही जण गवंडीकाम, वायरिंग, नळजोडणी किंवा ग्रामपंचायतीचे कामकाज सांभाळून हे शिक्षण घेत आहेत. काहींनी नुकतेच घरासाठी कर्ज घेतले असेल. या विषयाचा व्यवहार तुम्हाला ठाऊक आहे. त्या व्यवहारातील शब्द तपासून पाहण्याची सवय येथे लावून घ्यावयाची आहे.

गेल्या दोन-तीन दशकांत 'हरित इमारत', 'शाश्वत गृहरचना', 'पर्यावरणपूरक वसाहत' असे शब्दप्रयोग मराठीत रूढ झाले. ते इंग्रजीवरून घडले आहेत. त्यांच्यामागील विचार मात्र आपल्या भूमीला अपरिचित नाही. वेरूळची लेणी, देवगिरीचा किल्ला, मलिक अंबरची नहर आणि पाणचक्की ज्या परिसरात आहेत, त्या छत्रपती संभाजीनगरचा आधार घेऊन आपण हा विचार समजून घेणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ 'हरित' आणि 'शाश्वत' : दोन शब्दांचा विचार

'वास्तू' हा शब्द 'वस्' म्हणजे राहणे या धातूशी संबंधित आहे. ज्यात राहावयाचे ते वास्तू. 'इमारत' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. 'मालमत्ता' हा शब्दही त्याच मार्गाने आलेला असून त्यात माल आणि मताअ, म्हणजे धन आणि सामान, असे दोन शब्द जोडलेले आहेत. 'मिस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, तर 'स्लॅब', 'बीम' आणि 'कॉलम' इंग्रजीतून. घरबांधणीची मराठी अशी अनेक थरांनी बनली आहे. 'हरित' हा या बांधणीतील अलीकडचा थर होय.

हरित वास्तू म्हणजे ज्या इमारतीच्या जागेची निवड, आराखडा, बांधणी, वापर, दुरुस्ती आणि अखेरचे पाडकाम या सर्व टप्प्यांवर ऊर्जा, पाणी व साहित्य कमी लागते आणि राहणाऱ्यांचे आरोग्य सांभाळले जाते, अशी इमारत. या व्याख्येत झाडांचा उल्लेख नाही, याची नोंद घ्या. दारापुढे हिरवळ असलेली, परंतु दिवसभर वातानुकूलन यंत्रावर चालणारी काचेची इमारत या अर्थाने हरित ठरत नाही. उलट, एकही कुंडी नसलेले, जाड भिंतींचे आणि वारा खेळणारे घर हरित ठरू शकते. रंगाचा शब्द गुणासाठी वापरल्यामुळे हा गोंधळ होतो.

'शाश्वत' या शब्दाची अडचण वेगळी आहे. संस्कृतात त्याचा अर्थ 'नित्य, कधीही न संपणारे' असा आहे. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने पुढे आणलेल्या विकासविचाराचा आशय असा होता, की आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवताना पुढील पिढ्यांची गरजा भागवण्याची क्षमता हिरावून घेऊ नये. या आशयासाठी मराठीत 'शाश्वत', 'चिरस्थायी' आणि 'टिकाऊ' असे तीन शब्द वापरले गेले व त्यांपैकी 'शाश्वत' स्थिरावला. परंतु 'टिकाऊ घर' आणि 'शाश्वत घर' यांत फरक आहे. शंभर वर्षे टिकणारे घर रोज हजारो लिटर पाणी वाया घालवत असेल, तर ते टिकाऊ आहे, शाश्वत नाही.

तिसरे उदाहरण तुमच्या जिल्ह्यातीलच आहे. शेंद्रा आणि बिडकीन येथे उभी राहत असलेली 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी 'ग्रीनफिल्ड' म्हणून ओळखली जाते. वृत्तपत्रे वाचताना अनेक जण या शब्दाचा अर्थ 'हिरवे शहर' असा घेतात. नियोजनाच्या परिभाषेत 'ग्रीनफिल्ड' म्हणजे पूर्वी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीवर नव्याने उभारलेला प्रकल्प. तो पर्यावरणपूरक असेल किंवा नसेलही. त्याचा निर्णय प्रत्यक्ष रचनेवरून करावा लागतो, नावावरून करता येत नाही.

४.२.२ काळी, पांढरी आणि माळवद

मराठवाड्यातील गावाचे दोन भाग परंपरेने मानले जातात : 'काळी' म्हणजे कसण्याची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. ही विभागणी केवळ महसुली नाही, तिच्यात मातीची पारखही आहे. काळी माती पाणी शोषून फुगते व उन्हात भेगाळते. ती पिकाला उपकारक, पण भिंतीला व छताला घातक. पांढरी माती तुलनेने कमी फुगते, म्हणून ती बांधकामाला योग्य. अशा रीतीने दोन विशेषणांमध्ये एका प्रदेशाचे मृद्‌ज्ञान साठवले गेले.

माळवदाच्या घराची रचना पाहा. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर झाडपाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधील अंतर म्हणजे 'खण'. घर किती मोठे, हे 'पाच खणी', 'सात खणी' असे सांगितले जाई. मध्ये चौक, त्याभोवती ओसरी, भिंतीत कोनाडे आणि वर उजेडासाठी झरोका. या प्रत्येक शब्दामागे उष्णतेशी केलेली एक तडजोड आहे.

ती कशी, हे समजून घेऊ. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पहाटे मात्र ते २४-२५ अंशांपर्यंत उतरते. जाड माती-दगडाची भिंत दिवसभराची उष्णता हळूहळू शोषते आणि ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेरची हवा थंड झालेली असते व चौकातून वारा फिरू लागतो. या गुणधर्माला आज 'औष्णिक वस्तुमान' म्हणतात. आजची चार-पाच इंचांची काँक्रीटची स्लॅब उष्णता काही तासांतच आत सोडते. त्यामुळे दुपारी तापलेले छत संध्याकाळी व रात्री, नेमके माणसे घरी असतानाच, खोलीत उष्णता ओतत राहते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. परंपरेतील सर्व काही आपोआप हितकारक असते, असे मानू नका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे अवजड छत कोसळणे, हे त्या जीवितहानीचे प्रमुख कारण होते. जो जडपणा उन्हात वरदान होता, तोच त्या पहाटे काळ ठरला. म्हणून जुन्या रचनेतील तत्त्व घ्यावयाचे आणि ते आजच्या सुरक्षिततेच्या निकषांवर तपासून वापरावयाचे, अशी शाश्वत रचनेची दृष्टी आहे. जी इमारत सुरक्षित नाही, ती हरितही नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

अ) 'टिकाऊ' आणि 'शाश्वत' या शब्दांतील फरक एका वाक्यात सांगा.
आ) 'काळी' व 'पांढरी' या शब्दांतून मातीचे कोणते ज्ञान व्यक्त होते?

४.२.३ नहर, पाणचक्की आणि छतावरचे पाणी

मलिक अंबरने १६१० साली खडकी हे नगर वसवले. खडकाळ भूमीवरील या नगराला पाणी देण्यासाठी त्याने नहर-ए-अंबरी ही भूमिगत जलवाहिनी बांधवली. डोंगरपायथ्याचे भूजल एकत्र करून ते उताराच्या आधारे शहरात आणावयाचे, हे तिचे तत्त्व. पाणी वाहण्यासाठी इंधन लागत नव्हते आणि वाहिनी भूमिगत असल्याने बाष्पीभवनही अल्प होते.

अठराव्या शतकातील पाणचक्कीत याच ज्ञानाचा पुढील आविष्कार दिसतो. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेले पाणी उंचीवरून हौदात पडते आणि त्याच्या वेगावर पीठ दळण्याची चक्की चालत असे. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. डोक्यावर पाण्याचा थर असल्यामुळे दालन उन्हाळ्यातही थंड राहते. साठवण, शक्ती आणि शीतलता ही तीन कामे एकाच पाण्याकडून करून घेतलेली आहेत. एका घटकाकडून अनेक कामे साधणे हे आजच्या हरित रचनेचेही मूलतत्त्व आहे.

आता वर्तमानाकडे या. शहराला पाणी मिळते ते पैठणच्या जायकवाडी जलाशयातून. जलाशय शहरापेक्षा सुमारे शंभर मीटर खालच्या पातळीवर आहे, म्हणून प्रत्येक थेंब पंपाने वर चढवावा लागतो. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच नेण्यास, कोणतीही गळती वा घर्षण न धरता, सुमारे ०.२७ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात ती याहून अधिक लागते. सतराव्या शतकातील पाणी उताराने खाली येत होते, आजचे पाणी चढाने वर येते. म्हणून या शहरात पाणी वाचवणे म्हणजे वीज वाचवणे होय. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मग छतावर पडणाऱ्या पाण्याचे काय? शहराचा सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर धरू. एक हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, छतावर वर्षभरात सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडते. सांडणे, उडणे आणि पहिल्या पावसाचे मळके पाणी सोडून देणे यांसाठी एक पंचमांश वजा केला, तर ५२ हजार लिटर उरते. माणशी दररोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरल्यास, चौघांच्या कुटुंबाची सुमारे ९६ दिवसांची गरज यातून भागेल. एवढी मोठी टाकी प्रत्येकाला परवडणार नाही. परंतु काही पाणी टाकीत व उरलेले गाळण-खड्ड्यातून कूपनलिकेजवळ जिरवले, तरी त्याचा लाभ होतो. या कामाला 'पर्जन्यजल संधारण' किंवा 'पागोळी जलसंधारण' असे शब्द आहेत. दुसरा शब्द अधिक बोलका आहे. छपरावरून ओघळणारी पावसाची धार म्हणजे पागोळी, हे खेड्यातल्या मुलालाही ठाऊक असते.

४.२.४ ऊन, सावली आणि छज्जा

छत्रपती संभाजीनगर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात, मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. उन्हाळ्यात सर्वांत अधिक ऊन भिंतींवर नसून छतावर पडते, हा याचा पहिला निष्कर्ष. बैठ्या घरात थंडाव्यासाठी खर्च करावयाचा असेल, तर तो प्रथम छतावर करावा. चुन्याचा पांढरा हात, फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून केलेले चायना मोजॅक, विटांच्या तुकड्यांचा कोबा, किंवा सौर पॅनेलची सावली, असे पर्याय उपलब्ध आहेत. २०२४ साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेमुळे शेवटच्या पर्यायाला अनुदानाची जोड मिळाली आहे.

दुसरा निष्कर्ष खिडकीविषयी. दक्षिणेकडे चार फूट उंचीची खिडकी आहे आणि तिच्या वरच्या कडेलगत दीड फूट रुंदीचा छज्जा आहे, असे समजा. मार्च व सप्टेंबरमधील समदिनी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७० अंश उंचीवर असतो. तेव्हा छज्जाची सावली चार फुटांहून किंचित खाली जाते, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली जाते. डिसेंबरच्या अखेरीस सूर्याची मध्यान्हीची उंची सुमारे ४७ अंशच असते. तेव्हा तोच छज्जा वरची सुमारे १.६ फूट जागा झाकतो आणि उरलेल्या भागातून कोवळे ऊन घरात येते. कोणतेही यंत्र न वापरता छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो व हिवाळ्यात आत सोडतो. पश्चिमेच्या खिडकीला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, कारण मावळतीचे ऊन तिरपे येते. तेथे उभी फळी, जाळी, पडदा किंवा झाड हवे.

येथे ओसरीचा पुन्हा विचार करा. स्थावर संपदा कायद्यातील व्याख्येनुसार बाल्कनी आणि व्हरांडा चटई क्षेत्रात मोजले जात नाहीत. 'चटई क्षेत्र जास्तीत जास्त' अशी जाहिरात वाचून आपण आनंदतो. परंतु भिंतीला सावली देणारी जागा त्या आकड्यात दिसतच नाही. जे मोजले जाते त्याला किंमत येते आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू आराखड्यातून नाहीसे होते. ओसरी हा शब्द आज शहरी मराठीतून मागे पडत आहे, त्याचे एक कारण हेही असावे.

४.२.५ साहित्य : वेरूळचा गिलावा ते राखेची वीट

इमारत वापरताना लागणाऱ्या ऊर्जेखेरीज तिच्या साहित्याच्या निर्मितीतही ऊर्जा खर्च झालेली असते व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला असतो. त्याला 'अंतर्भूत कार्बन' म्हणतात. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. तेथे इंधनाचा धूर निघतो आणि खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा आहे. म्हणून सिमेंट कमी लागणारी, किंवा वेगळ्या घटकांचे सिमेंट वापरणारी बांधणी हा आजच्या संशोधनाचा मोठा विषय आहे. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून केलेल्या सिमेंटसाठी २०२३ साली भारतीय मानक प्रसिद्ध झाले. परळी येथील औष्णिक वीज केंद्राची राख वापरून केलेल्या विटा मराठवाड्यात अनेक बांधकामांवर दिसतात. या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत आणि त्यांच्यासाठी शेताची सुपीक मातीही खरवडावी लागत नाही.

वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्याचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरातील विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू व भाग मिसळलेले आढळले. या मिश्रणामुळे गिलावा ओलावा नियंत्रित करतो व किडींना दूर ठेवतो, असे त्यांनी दाखवले. सुमारे दीड हजार वर्षे तो टिकून आहे. युरोपात गेल्या काही दशकांत याच वनस्पतीचा भुस्सा चुन्यात कालवून हलक्या भिंती बांधल्या जात आहेत.

भाषेच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. इंग्रजीतील 'हेंप' या शब्दासाठी मराठीत कोणता शब्द वापराल? कोशात 'ताग' सापडतो. परंतु आपल्या शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग ही सर्वस्वी निराळी वनस्पती आहे. 'गांजा' म्हणावे, तर वाचकाच्या मनात नशा आणि पोलीस कारवाई उभी राहते. 'भांगेच्या झाडाचे तंतू' हा शब्दप्रयोग लांब असला तरी अचूक आहे. या बातमीच्या अनुवादात 'ताग' असे लिहिले, तर तो वाचून एखादा कारागीर तागाचा गिलावा करू लागेल. एका शब्दाच्या निवडीने शास्त्रीय विधान खरे किंवा खोटे ठरू शकते. परिभाषेचे काम किती जबाबदारीचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

अ) पाणचक्कीत पाण्याकडून कोणती तीन कामे साधली आहेत?
आ) दक्षिणेच्या खिडकीला उपयुक्त असलेला छज्जा पश्चिमेच्या खिडकीला अपुरा का पडतो?
इ) 'हेंप'साठी 'ताग' हा प्रतिशब्द का चुकीचा ठरतो?

४.२.६ मानांकन आणि त्याची भाषा

इमारतीचा हरितपणा मोजण्याचा पहिला व्यापक प्रयत्न १९९० साली ब्रिटनमध्ये 'ब्रीम' या पद्धतीने झाला. भारतात २००१ साली भारतीय हरित इमारत परिषद स्थापन झाली. २००३ साली हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या इमारतीला 'लीड' पद्धतीचे प्लॅटिनम मानांकन मिळाले आणि या चळवळीला देशात गती आली. पुढे 'टेरी' संस्थेने केंद्र शासनाच्या सहकार्याने 'गृहा' ही भारतीय मानांकन पद्धती सिद्ध केली. तिचे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे असले, तरी ते 'गृह' या संस्कृत शब्दासारखे ऐकू यावे अशी योजना आहे. २०१८ साली निवासी इमारतींसाठी आलेल्या 'इको निवास संहिते'चे नाव अर्धे इंग्रजी आणि अर्धे संस्कृत आहे. नव्या संकल्पना भारतीय भाषांत कशा रुजवल्या जातात, याची ही दोन्ही चांगली उदाहरणे आहेत. भिंती व छत यांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा या संहितेत अंकांत दिलेली आहे.

महाराष्ट्रात २०२० साली मंजूर झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने मानांकित हरित इमारतींना चटई क्षेत्र निर्देशांकात वाढीव सवलत दिली. म्हणजे हरित असण्याला आर्थिक मूल्य प्राप्त झाले. जेथे मूल्य येते तेथे पोकळ दावेही येतात. म्हणून वाचकाला सावध राहावे लागते.

'चटई क्षेत्र' या शब्दाकडेही पाहा. चटई अंथरता येईल एवढी जागा, ही प्रतिमा सुंदर आहे. परंतु 'चटई क्षेत्र' म्हणजे सदनिकेतील वापरण्याजोगे क्षेत्र आणि 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी एकूण बांधकामाचे गुणोत्तर. एकाच प्रतिमेतून दोन भिन्न संज्ञा निर्माण झाल्यामुळे सामान्य वाचक गोंधळतो. करारनामा वाचताना यांपैकी कोणती संज्ञा अभिप्रेत आहे, हे प्रथम निश्चित करावे.

आता पुढील दोन वाक्ये वाचा. ती अभ्यासासाठी रचलेली आहेत.

(क) 'निसर्गाच्या सान्निध्यात, पर्यावरणपूरक जीवनशैलीचा अनुभव देणाऱ्या या संकुलात सौर ऊर्जा व जलसंधारण यांची सोय करण्यात येईल.'

(ख) 'या इमारतीच्या गच्चीवर १० किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली असून जिना, उद्‌वाहक व पंप यांची वीज तिच्यातून मिळते; छताचे पाणी ४० हजार लिटरच्या टाकीत साठवले जाते.'

पहिल्या वाक्यात क्रियापद भविष्यकाळी आणि कर्मणी आहे. 'करण्यात येईल' : कोण करणार, केव्हा, किती, हे वाक्याने सांगितलेले नाही. विशेषणे पुष्कळ, परिमाण एकही नाही. दुसऱ्या वाक्यात विशेषण जवळजवळ नाही. आहेत ती संख्या, स्थान आणि पूर्ण झालेली क्रिया. पहिल्या वाक्याला उद्या कोणी खोटे ठरवू शकणार नाही, कारण त्याने काही कबूलच केलेले नाही. दुसरे वाक्य गच्चीवर जाऊन पडताळता येते.

असे कोणतेही माहितीपत्रक हाती आल्यावर चार प्रश्न विचारा. (१) क्रियापद कोणत्या काळातील आहे? (२) कर्ता कोण आहे? (३) किती, याचे उत्तर आकड्यात दिले आहे काय, आणि ते कशाच्या तुलनेत? (४) मानांकनाचा उल्लेख असल्यास ते पूर्व-प्रमाणन आहे की बांधकाम पूर्ण झाल्यानंतरचे अंतिम प्रमाणन? पूर्व-प्रमाणन हे आराखड्यावरून मिळते, त्यामुळे ते इमारतीविषयी नसून संकल्पाविषयी असते. या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात मागण्यात कोणताही संकोच बाळगू नये. वीस वर्षे हप्ते फेडणाऱ्या माणसाचा तो साधा अधिकार आहे.

४.३ सारांश

हरित वास्तू ही संकल्पना रंगाशी किंवा बागेशी निगडित नसून ऊर्जा, पाणी, साहित्य आणि आरोग्य यांच्या विवेकी वापराशी निगडित आहे. काळी-पांढरी, माळवद, ओसरी, पागोळी या शब्दांत मराठवाड्याच्या हवामानाचे ज्ञान साठलेले आहे. मात्र किल्लारीच्या अनुभवावरून ते ज्ञान सुरक्षिततेच्या कसोटीवर तपासणे अगत्याचे ठरते. नहर, पाणचक्की व वेरूळचा गिलावा ही स्थानिक उदाहरणे आजच्या रचनेलाही मार्गदर्शक आहेत. नवी परिभाषा घडवताना अचूकता आणि वाचताना सावधता, दोन्ही आवश्यक आहेत. दाव्याची सत्यता पाहण्याआधी दाव्याचे वाक्य पाहावे.

४.४ पारिभाषिक शब्द

अंतर्भूत कार्बन – बांधकाम साहित्य तयार करणे, वाहून नेणे व बसवणे यांत बाहेर पडणारा कार्बन.
औष्णिक वस्तुमान – उष्णता साठवून ती सावकाश सोडण्याची पदार्थाची क्षमता.
ग्रीनफिल्ड – पूर्वी बांधकाम नसलेल्या जमिनीवरील प्रकल्प.
चटई क्षेत्र निर्देशांक – भूखंडाच्या क्षेत्रफळाशी एकूण बांधकाम क्षेत्राचे गुणोत्तर.
पागोळी जलसंधारण – छतावरील पावसाचे पाणी साठवणे वा जमिनीत जिरवणे.
पूर्व-प्रमाणन – आराखड्याच्या आधारे दिलेले प्राथमिक मानांकन.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ – अ) टिकाऊ म्हणजे दीर्घकाळ न मोडणारे, शाश्वत म्हणजे पुढील पिढ्यांची साधने न हिरावता चालणारे. आ) काळी माती फुगते-आकसते म्हणून शेतीस योग्य पण बांधकामास अयोग्य; पांढरी माती कमी फुगते म्हणून वस्तीस व बांधकामास योग्य.

प्रश्न २ – अ) साठवण, शक्ती आणि शीतलता. आ) पश्चिमेचे ऊन तिरपे येते, त्यामुळे आडव्या छज्जाची सावली खिडकीवर पुरेशी पडत नाही. इ) वेरूळच्या संदर्भात 'हेंप' म्हणजे भांगेची वनस्पती, ताग ही तिच्याहून वेगळी वनस्पती आहे.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) 'पारंपरिक शब्दसंपदा हा प्रदेशाच्या हवामानज्ञानाचा कोश असतो.' या विधानाची चर्चा मराठवाड्यातील घरबांधणीच्या आधारे करा.
२) 'हरित', 'शाश्वत' व 'ग्रीनफिल्ड' या शब्दांमुळे होणारे अर्थाचे गोंधळ उदाहरणांसह स्पष्ट करा.
३) आपल्या घराच्या छताचे क्षेत्रफळ मोजा. आपल्या तालुक्याच्या सरासरी पावसाच्या आधारे त्यावर वर्षभरात पडणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ गवंड्याला, सुताराला किंवा जुन्या घरात राहणाऱ्या आजी-आजोबांना भेटा. घराचे भाग, साहित्य, हत्यारे आणि मापे यांचे किमान पंचवीस शब्द त्यांच्या उच्चारानुसार लिहून घ्या. प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ, त्या वस्तूचे काम आणि आज तिच्या जागी काय वापरले जाते, हे नोंदवा. माहिती देणाऱ्यांची परवानगी घ्या आणि तयार झालेली यादी त्यांना वाचून दाखवा. चुकीचा अर्थ दुरुस्त करण्याचा पहिला मान त्यांचा आहे. ही यादी संपर्क सत्राच्या वेळी अभ्यासकेंद्रावर सादर करावी.